एसीच्या पाइपवरचं इन्सुलेशन: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीकडे एसी फिटिंग आणि रिपेअरचं काम करतो. मृग लागला की फोन सुरू होतात, "दादा एसीतून पाणी गळतंय", "भिंतीला ओल आली", "पीओपीवर पिवळा डाग पडलाय". बऱ्याच घरांत जाऊन बघितलं की एसी ठणठणीत असतो, गॅस पूर्ण असतो, चूक असते ती फक्त कॉपर पाइपवरच्या काळ्या स्लीव्हची, कुठेतरी उघडी राहिलेली, फाटलेली नाहीतर मुळातच पातळ घातलेली. फोनवर तेच तेच सांगून होतं म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

पाइपवर काळं फोमसारखं असतं ते नक्की कशासाठी?

दोन कामं करतं. बाहेरची गरमी पाइपमधल्या थंड गॅसपर्यंत जाऊ देत नाही, आणि बाहेरची दमट हवा थंड तांब्याला शिवू देत नाही, म्हणजे लागू देत नाही. आपल्याकडे कोकणात मला दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गरमी थोडी आत गेली तर बिल थोडं वाढेल पण हवा आत गेली तर घराची भिंत खराब होते.

एवढं पाणी येतं कुठून? गॅस लीक झालाय का?

नाही. गॅसचं पाणी होत नाही, लीक झाला तर तो हवेत उडून जातो. हे पाणी हवेतलंच असतं. बर्फाच्या पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला की बाहेरून घाम येतो ना, तसंच.

प्रत्येक हवेचा एक दवबिंदू असतो, त्याच्यापेक्षा थंड वस्तू समोर आली की हवा तिच्यावर पाणी सोडते. पावसाळ्यात आपल्याकडे ३० डिग्री तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो, आणि एसी चालू असताना पाइप असतो साधारण ५ ते १२ डिग्रीला. म्हणजे उघडा पाइप दिसला की हवा त्याच्यावर धो धो पाणी सोडणारच. तेच नागपूरला मे महिन्यात ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२ च्या जवळ येतो, तिथे उघड्या पाइपला घाम आला तरी अगदी थोडा. म्हणून विदर्भात दहा वर्षं निवांत चाललेलं फिटिंग इकडे पहिल्याच पावसात गळायला लागतं. फिटर चांगला असेल, पण त्याने आपली हवा धरून काम केलं नाही एवढंच.

दोन पाइप असतात, जाड आणि बारीक. इन्सुलेशन दोन्हीवर लागतं की फक्त जाड्यावर?

दोन्हीवर. या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो, त्याने घरच्या एसीचा फोटो पाठवला, त्यात जाड पाइपवर काळी स्लीव्ह आणि बारीक पाइप पूर्ण उघडा, आणि विचारलं की तुम्ही लोक दोन्हीवर का घालता, खर्च कशाला? त्याचंही बरोबर आणि आपलंही बरोबर. त्यांच्याकडची सेंट्रल सिस्टिम वेगळी असते, तिथे गॅसचं प्रेशर एकदम कमी करणारा व्हॉल्व्ह घरातल्या कॉइलजवळ असतो. त्यामुळे बाहेरून आत जाणाऱ्या बारीक पाइपमध्ये कोमट लिक्विड असतं, त्याला घाम येत नाही.

आपल्या स्प्लिट एसीमध्ये कॅपिलरी किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे हाच प्रेशर पाडणारा भाग, आउटडोअर युनिटच्या पोटात असतो. प्रेशर तिथेच पडतं आणि गॅस तिथेच थंड होतो, म्हणजे बारीक पाइपमधून घरात येतो तो आधीच थंड झालेला गॅस. एसी दहा मिनिटं चालू ठेवा आणि आउटडोअरजवळ बारीक पाइपला हात लावा, लगेच कळेल. तो उघडा ठेवला तर दोन नुकसानं होतात, त्याला घाम येतो, आणि जो थंडावा खोलीत यायला हवा तो वाटेतच गॅलरीच्या उन्हाला जातो. व्हिडिओ बघून कोणी "बारीकला गरज नसते" असं सांगत असेल तर तो व्हिडिओ कुठल्या सिस्टिमचा आहे ते आधी बघा.

मग दोन्ही पाइप एकाच मोठ्या स्लीव्हमध्ये घातले तर?

नको. दोन गोल पाइप एका गोल नळीत घातले की मध्ये फटी राहतात, त्या फटीत हवा राहते आणि हवेबरोबर दमटपणा. स्लीव्ह पाइपला अंगाला चिकटून बसली पाहिजे. प्रत्येक पाइपला त्याच्या मापाची वेगळी स्लीव्ह, मग दोन्ही एकत्र टेपने बांधा, ते चालतं. वायर आणि ड्रेन पाइप पण स्लीव्हच्या बाहेरून, आतून नाही.

काळं रबर घ्यावं की पांढरा फोम?

काळं, म्हणजे नायट्रायल रबर. त्याच्यात बारीक बारीक बंद पेशी असतात, प्रत्येक पेशीत हवा कोंडलेली, त्यामुळे पाण्याची वाफ सहज आत शिरत नाही. पांढरा पीई (पॉलिथिन) फोम नवीन असताना गरमी बऱ्यापैकी अडवतो, अडचण अशी की तो कडक असतो, वळणावर चेपतो, जोड नीट चिकटत नाहीत आणि उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत चुरा व्हायला लागतो. एसीबरोबर येणाऱ्या किटमध्ये पांढरा आला तर आतल्या कोरड्या सरळ भागाला चालवून घ्या, पण गॅलरीत आणि भिंतीच्या भोकात काळं घाला.

जाडी किती घ्यायची?

आधी पाइपचं माप. फिटर लोक सुतात बोलतात, ८ सूत म्हणजे १ इंच. १.५ टनाला बहुतेक वेळा बारीक पाइप २ सुती आणि जाड ४ सुती असतो, १ टनाला जाड पाइप ३ सुती पण येतो आणि ४ सुती पण, २ टनाला ५ सुती सापडतो. मिलिमीटरमध्ये २ सूत ६.३५, ३ सूत ९.५२, ४ सूत १२.७ आणि ५ सूत १५.८८. स्लीव्हचं आतलं माप याला जुळायला हवं, सैल घेऊन टेपने आवळायची नाही.

आता स्लीव्हच्या रबराची जाडी. दुकानात ६, ९, १३ आणि १९ एमएम मिळते. मी एक हिशोब मांडला होता, ४ सुती पाइप ८ डिग्रीला, बाहेर ३० डिग्री आणि हवा शांत. नायट्रायल ६ एमएम असेल तर त्याचा वरचा भाग साधारण २३ डिग्रीला येतो, ९ एमएमला २५, १३ एमएमला साडेसव्वीस आणि १९ एमएमला पावणेअठ्ठावीस. वर सांगितलं की ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ असतो, म्हणजे ६ आणि ९ एमएम दोन्हींना स्लीव्हच्या वरूनच घाम येणार, स्लीव्ह कुठेही फाटलेली नसताना सुद्धा! १३ वर येणार नाही. आर्द्रता ८५ वर गेली की दवबिंदू २७ च्या वर जातो, मग १३ पण थोडी कमी पडते आणि १९ लागते. म्हणून माझं सरळ मत असं आहे की पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे ९ एमएम बहुतेक ठिकाणी भागतं, मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंत १३ एमएम घ्या, आणि फॉल्स सीलिंगच्या आत किंवा बंद डक्टमध्ये जिथे वारा अजिबात फिरत नाही तिथे १९. फरक पडतो तो काही मीटर रबराच्या पैशाचा, पीओपी परत करायचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

नुसती टेप जाड गुंडाळली तर चालत नाही का?

नाही. टेप म्हणजे इन्सुलेशन नव्हे. पांढरी पीव्हीसी टेप फार तर ऊन आणि पाऊस अडवते. आणि टेप करकचून ओढली तर खालचं रबर चेपतं, १३ एमएमची स्लीव्ह ६ एमएमची होऊन बसते, मग जास्त पैसे देऊन घेतलं ते कशाला? टेप फक्त बसेल एवढीच ओढायची.

टेप वरून खाली गुंडाळायची की खालून वर?

खालून वर. कौलं कशी लावतात आठवा, खालची ओळ आधी आणि वरचं कौल खालच्यावर चढलेलं, म्हणून पाणी वरच्यावरून निघून जातं. टेपचं तसंच, खालून सुरू करून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत वर जायचं. वरून खाली आलात तर प्रत्येक वेढ्याचं तोंड वर उघडं राहतं आणि पहिल्या जोरदार सरीत पाणी आत जाऊन बसतं. स्लीव्ह चिरून घातली असेल तर चीर भिंतीकडे किंवा खाली येऊ द्या, वर आकाशाकडे नको.

पाणी गळतंय पण पाइपचंच आहे की दुसरं काही हे कसं ओळखायचं?

घाईने फिटरला पैसे द्यायच्या आधी हे बघा.

एसी बंद असताना पण गळत असेल आणि बाहेर पाऊस असेल तर पाणी भिंतीच्या भोकातून येतंय, भोकाचा उतार आतल्या बाजूला आहे किंवा बाहेरून पॅकिंग नाही. एसी चालू केल्यावर लगेच इनडोअरच्या पुढून टपटप पडत असेल तर बहुतेक ड्रेन चोक किंवा ट्रे भरलाय, फिल्टरची धूळ आणि बुळबुळीत घाण पाइपात अडकते. एसी चालू करून अर्धा-एक तास झाल्यावर, इनडोअरच्या मागच्या कोपऱ्यातून भिंतीवर ओघळ येतो आणि एसी बंद केल्यावर काही वेळाने थांबतो, तर तो पाइपचा घाम.

आणि हा घाम सगळ्यात जास्त येतो कुठे, तर इनडोअरच्या मागे जिथे फ्लेअर नट असतात तिथे. कंपनीचा पाइप आणि आपला पाइप तिथे जोडतात, नट पितळेचा, थंडगार, आणि लीक टेस्ट करायची म्हणून तो उघडा ठेवतात, साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघतात, बुडबुडे नाहीत म्हणून खूश होतात आणि स्लीव्ह सरकवायची राहून जाते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत हे केलंय, एका काकूंच्या नवीन रंगवलेल्या हॉलमध्ये, आणि त्या भिंतीवरचा डाग बघून जे वाईट वाटलं ते अजून लक्षात आहे. तेव्हापासून दोन्ही नट झाकल्याशिवाय मी युनिट भिंतीला टेकवत नाही.

वरच्या मजल्यावाल्यांशी बाथरूमच्या लीकेजवरून भांडायच्या आधी पण हे एकदा तपासा. एका सोसायटीत चार महिने वाद चालला होता, प्लंबरने टाइल्स फोडल्या, आणि शेवटी निघाला सीलिंगमधला हातभर उघडा पाइप.

ड्रेन पाइपला पण इन्सुलेशन लागतं?

बाहेर मोकळ्यावर असेल तर नाही. पण फॉल्स सीलिंगमधून किंवा कपाटामागून जात असेल तर हो, कारण त्यातलं पाणी कॉइलवरून आलेलं, थंड असतं, त्याला पण घाम येतो. ६ किंवा ९ एमएम पुरते. उतार मात्र सगळीकडे खालीच हवा.

भिंतीत कन्सील्ड पाइप टाकतोय, काय काळजी घेऊ?

प्लास्टर व्हायच्या आधी जे बघायचं ते बघा, नंतर भिंत फोडल्याशिवाय काही दिसत नाही. झिरी एवढी खोल आणि रुंद हवी की स्लीव्ह न चेपता बसेल, गवंडी लोक झिरी अरुंद करतात आणि मग पाइप हातोडीने ठोकून बसवतात, तिथे रबर चपटं होतं आणि वर्षभरात नेमकी तिथेच ओलीची रेघ उमटते. भिंतीच्या आत शक्यतो जोड ठेवायचा नाही, सलग पाइप घ्या. पाइपमध्ये नायट्रोजन मारून प्रेशर एक दिवस तसंच ठेवा, गेजचा काटा हलला नाही, म्हणजे लीक नाही, की मगच प्लास्टर. स्लीव्हचे तुकडे जोडताना दोन्ही तोंडांना रबर ॲडहेसिव्ह लावून, ते हाताला चिकटायचं जवळजवळ थांबलं की दाबून धरायचं. ओल्या ॲडहेसिव्हवर लगेच चिकटवलं तर जोड सुटतो.

बिल्डरने आधीच पाइप टाकून दिले असतील तर फोटो मागा. नसतील फोटो तर निदान दोन्ही टोकांना स्लीव्ह दोन्ही पाइपवर वेगळी आहे का ते बघा, टोकालाच नसेल तर आत असायची आशा कमी.

पाइपवर बर्फ धरतो, इन्सुलेशन जाड करू का?

थांबा. घाम वेगळा आणि बर्फ वेगळा. बारीक पाइपवर किंवा त्याच्या व्हॉल्व्हवर बर्फ दिसला तर बहुतेक गॅस कमी झालाय. जाड पाइपवर बर्फ येत असेल तर आधी फिल्टर धुवा, कॉइल आणि ब्लोअर साफ करून घ्या, हवा कमी फिरत असणार. बर्फावर स्लीव्ह चढवली तर आजार झाकला जातो आणि शेवटी कॉम्प्रेसर जातो.

गॅलरीतलं इन्सुलेशन फुटून भुगा झालंय, का?

ऊन. नायट्रायलला अल्ट्राव्हायोलेट सहन होत नाही, उघडं ठेवलं की आधी वर बारीक भेगा, मग कडकपणा, मग तुकडे. बाहेरच्या भागाला चांगली टेप, नाहीतर पीव्हीसी केसिंग पट्टी. मला केसिंग जास्त आवडते, दिसायला नीट, ऊन लागत नाही आणि उंदीर-खारींना पण सहज दात लावता येत नाहीत. गावाकडच्या घरांत खारी हे रबर घरट्याला नेतात, माकडं तर ओरबाडून काढतात. तिथे केसिंगशिवाय उपाय नाही.

समुद्राजवळ घर आहे, तांबं हिरवं पडतंय.

खारी हवा आणि ओलावा एकत्र आले की तांबं झिजतं. स्लीव्ह भिजलेली असेल तर ओलावा पाइपला कायम चिकटून राहतो, म्हणजे फाटकी ओली स्लीव्ह उघड्या पाइपपेक्षाही वाईट. अशी स्लीव्ह वरून टेप मारून झाकू नका, कापून काढा, पाइप कोरडा पुसा, गंज किंवा तेलकट डाग आहे का बघा, तेलकट डाग दिसला तर तिथे गॅस लीक असायची दाट शक्यता आहे. मग नवीन घाला. शिवाय ओल्या फोमचा उपयोग तसाही संपलेला असतो, पाणी सुक्या रबरापेक्षा गरमी पंधरा पटीच्या वर जास्त वाहून नेतं.

ॲल्युमिनियमचे पाइप असतील तर अजून सांभाळा. तांब्याशी जिथे जोड येतो तिथे ओल लागली की ॲल्युमिनियम भराभर खाल्लं जातं, तो जोड पूर्ण बंद पाहिजे.

वीज किती वाचेल?

३ मीटरचा पाइप असेल आणि एखादी वीत उघडी असेल तर बिलात तुम्हाला फरक दिसणार नाही, मी खोटं सांगणार नाही. १०-१२ मीटरचा पाइप गच्चीवरून उन्हात जात असेल आणि स्लीव्ह गेलेली असेल तर फरक नक्की पडतो. जाड पाइपमधला गॅस परत कॉम्प्रेसरकडे जातो, तो वाटेत तापला की विरळ होतो, कॉम्प्रेसर तेवढाच फिरून कमी गॅस ओढतो आणि स्वतः जास्त तापतो. खोली उशिरा थंड होते ती त्यामुळे.

हॉट अँड कोल्ड एसी आहे, काही वेगळं?

हो, हीटिंगला जाड पाइप चांगलाच गरम होतो. पांढरा पीई फोम नको, नायट्रायलच घ्या. आपल्याकडे हा प्रश्न कमी येतो, दिल्ली-गुडगावला राहणारे आपले लोक विचारतात.

मी घरी स्वतः करू शकतो का?

हाताला येणाऱ्या भागाचं, हो. एमसीबी बंद करा, एक तास थांबा, पाइप पूर्ण कोरडा पुसा. स्लीव्ह धारदार कटरने एका रेषेत लांबीला चिरा, पाइपवर बसवा, दोन्ही कडांना ॲडहेसिव्ह, पाच-दहा मिनिटं थांबून दाबा, मग टेप. पाइप वाकवू नका, मुरडला तर गॅसची वाट अडते. कटर तांब्याला लागू देऊ नका. ॲडहेसिव्हचा वास उग्र असतो आणि ते पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळ देवघरातला दिवा, गॅस शेगडी नको. एसीतला आर ३२ गॅस पण पेट घेऊ शकतो, म्हणून नट सोडणं, ब्रेझिंग (आगीने पाइप जोडणं) करणं हे तुमचं काम नाही. आणि खिडकीबाहेर लोंबकळून तर मुळीच करू नका, बेल्ट लावणारा माणूस बोलवा.

जुन्या पाइपवर नवीन एसी लावतोय, स्लीव्ह तीच ठेवू?

दाबून बघा. मऊ असेल आणि सोडल्यावर परत फुगत असेल तर ठेवा. कडक, चपटी किंवा पिळल्यावर पाणी सुटणारी असेल तर बदला, पाइप मोकळा झालाय तोवर हे काम अर्ध्या वेळात होतं.

फिटर निघायच्या आधी मी काय बघू?

त्याला चहा द्या आणि एसी अर्धा तास १८ वर चालू ठेवायला सांगा. तेवढ्या वेळात मोबाइलची बॅटरी लावून इनडोअरच्या मागे, भिंतीच्या भोकात आणि आउटडोअरच्या व्हॉल्व्हजवळ बघा, कुठे लालसर तांबं किंवा पिवळं पितळ चमकतंय का. मग पूर्ण पाइपवरून तळहात फिरवत जा. जिथे हाताला एकदम गार किंवा ओलसर लागेल तिथे बोट ठेवून त्याला सांगा की दादा, इथे अजून एक तुकडा लावा. चांगला फिटर याचा राग मानत नाही, पिशवीत स्लीव्हचा उरलेला तुकडा असतोच.